दापोली-मुरूडला सासूबाईंना घेऊन जावं का? (समुद्र न आवडणाऱ्यांनीच सांगा)

जिंतूर रोड, परभणी

नमस्कार. प्रश्न साधा आहे, पण त्याच्यावरून आमच्या घरात आठ दिवस झालं तोंडं फुगलेली आहेत.

नाताळच्या सुट्टीत चार दिवस कुठंतरी जायचं ठरलं. आमचे हे म्हणायलेत दापोलीजवळचं मुरूड. मी म्हणते नको. मी दहावीला असताना शाळेच्या सहलीत गणपतीपुळ्याला गेले होते. रात्रभर बस, सकाळी दर्शन, मग समुद्र वीस मिनिटं. त्यातली दहा मिनिटं बाईंनी हजेरी घेण्यात घालवली आणि उरलेल्या दहात माझी एक चप्पल लाटेनं नेली. घरी येईपर्यंत एका पायात मैत्रिणीची स्लिपर. तेव्हापासून समुद्र म्हटलं की मला फक्त पायाला चिकटलेली वाळू आठवते. माझं मत असं, की एकदा बघितला की संपला. डोंगर निदान चढता तरी येतो.

आता अडचणी. सासूबाई सोबत आहेत, वय ६७, गुडघे दुखतात. सगळा जन्म शेतात गेला. माशाचा वास आला तरी त्यांना मळमळतं. लेकरं नऊ आणि पाच वर्षांची. आम्ही कुणीच मासे खात नाही. मग तिथं जाऊन करायचं काय चार दिवस?

एक विनंती. ज्यांना पहिल्यापासून समुद्र आवडतो त्यांनी कृपया 'स्वर्ग आहे स्वर्ग' असं लिहू नये, ते ऐकून कंटाळा आलाय. ज्यांनी आधी नाक मुरडलं आणि नंतर मत बदललं, अशा कुणी असेल तर सांगा. का बदललं तेही सांगा.

पूर्णा काठ, नांदेड

वहिनी, पाणीच बघायचं असेल तर तुम्हाला येलदरीचं धरण आहे की जवळ. गोडं पाणी, चप्पल पण वाहून जात नाही, संध्याकाळी घरी येऊन पिठलं-भाकरी. माझ्याकडून एवढंच. मी समुद्र अजून बघितलेला नाही आणि वय आहे ५४.

आडतीवरून, लातूर

ताई, नाक मुरडलेल्यांच्या रांगेत पहिला नंबर माझा लावा. मी मुरूडचा समुद्र बघून शिव्या देत परत आलेला माणूस आहे. जरा लांबण लागंल, चहा ठेवा.

लातूर मार्केट यार्डात आमची आडत आहे, अप्पांच्या काळापासनं. सोयाबीन, तूर, हरभरा. आमच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही. आन् मुरूड म्हणलं की आमच्या डोळ्यापुढं येतं ते बार्शी रोडवरचं मुरूड. २०१६ च्या मे महिन्यात साडू म्हणला, 'मुरूडला जाऊ चार दिवस.' मी खरंच विचारलं, चार दिवस काय करायचं तिथं, दुपारी जाऊन संध्याकाळी येऊ. नंतर कळलं की हे मुरूड पाचशे किलोमीटरच्या पलीकडं आहे.

ते २०१६ साल मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. मांजरा धरणात गाळ दिसायला लागला होता. मार्चमध्ये लातुरात पाणी भरायच्या जागी जमावबंदी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा डबे, पाच लाख लिटर. मग पन्नास डब्यांची गाडी, पंचवीस लाख लिटर. स्टेशनवर लोक हार घेऊन गेले होते गाडीला घालायला. हे असं सोडून आम्ही मुरूडच्या वाळूवर जाऊन उभारलो आन् समोर ते. डोळा पोचंल तिथपर्यंत. लोकांना आनंद होत असंल, मला राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही. आमच्या मंडळींनी पदर खोचला, पायाला लाट लागू दिली आन् मला विचारलं, 'कपडे तरी निघतील का हो ह्यात?'

नाही निघत. साबणाला फेसच येत नाही. लॉजवरनं वडी आणून करून बघितलं तिनं, माझा रुमाल घेऊन. वाळला तेव्हा पापडासारखा कडक झाला होता.

त्यात तिथला उन्हाळा. आमच्याकडं बेचाळीस असलं तरी अंगाला वारं लागलं की घाम वाळतो आन् गार वाटतं. कूलर त्याच्यावरच चालतो. तिथं हवेतच एवढं पाणी की घाम वाळायला तयार नाही. लॉजवाल्याला मी हट्टानं कूलर मागितला. त्यानं कुठून तरी आणून लावला. सकाळी उठलो तर गादी दमट, भिंत दमट, माझा बनियन दमट, आन् गारवा नावाला नाही.

तिसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. सगळ्यांच्या गाड्या वाळूवर फिरायलेत बघून आमची नवीकोरी बोलेरो खाली उतरवली. ओली वाळू घट्ट दिसत होती. अर्धा किलोमीटर लै मजा आली. मग फोटो काढायला थांबलो, चाकाखालची वाळू सुटायला लागली, गाडी बुडावर बसली आन् पाणी यायला लागलं. भरती म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पाणी धावून येत नाही हो, सावकाराच्या माणसासारखं येतं. जरा येतं, मागं जातं, परत जरा पुढं. चाकं बुडाली तेव्हा गावातलं ट्रॅक्टर आलं. ओढून काढणाऱ्यानं पैसे घेतले ते घेतलेच, वरनं अर्धा तास झापलं. त्याचं बरोबर होतं. गाडीच्या खालचं लोखंड पुढं दोन वर्षं गंजत राहिलं, मिठाचं पाणी बसलं होतं ना आत. घरी येऊन मी सगळ्यांना सांगितलं, पुन्हा त्या मुलखात पाय ठेवणार नाही.

आता मत बदललं कसं ते.

२०२२ ला लेक बारावी झाली. लातुरात बारावीचं लेकरू घरात असलं की वर्षभर टीव्हीला चादर घालून ठेवतात, तसं आमचं पण झालं. तिला कृषीला जायचं होतं. परभणी आन् दापोली, दोन्ही विद्यापीठं एकाच १९७२ सालची. आम्ही देवाला परभणी मागितली, देवानं दापोली दिली. मंडळी दोन दिवस जेवल्या नाहीत. एवढ्या लांब, त्यात सगळी मासे खाणारी माणसं.

२०२३ च्या जानेवारीत, येळवस (आमचा वेळ अमावस्येचा सण) उरकून तिला भेटायला गेलो. धपाटे, शेंगाची चटणी, पाच किलो ज्वारीचं पीठ. समुद्राकडं बघायचं सुद्धा नाही असं ठरवून. तर लेक म्हणली, 'पप्पा, चला, तुम्हाला तुमचा बाजार दाखवते.' मी म्हणलं माझा बाजार इथं कुठं आला. तिनं हर्णैला नेलं, चार वाजता, बंदरावर.

वास आला. खोटं कशाला सांगू. मी नाकाला रुमाल लावला, मंडळी गाडीतनं उतरल्याच नाहीत.

पण मी जे बघितलं ते सांगतो. होड्या लांब पाण्यात उभ्या. किनाऱ्यापासून त्यांच्यापर्यंत बैलगाड्या चाललेल्या. बैलगाड्या, समुद्रात! बैल पोटापर्यंत पाण्यात उभे, गाडीच्या साटीत मासळीच्या टोपल्या चढवायलेत, आन् बैल निवांत रवंथ करायलेत. अंगानं लहान बैल, आमच्या देवणीपुढं वासरं वाटावीत. मोठी लाट आली की दोघं बरोबर मान वर करतात, पाणी गळ्याखालून जाऊ देतात, परत मान खाली. कासरा धरणारा माणूस त्यांच्याकडं बघत पण नव्हता. मी बैलाला औत ओढताना बघितलं, मोट ओढताना बघितलं, पोळ्याला बाशिंग बांधलेलं बघितलं. समुद्रात उभा राहून लाट मोजणारा बैल पहिल्यांदा बघितला. पाच मिनिटं तिथंच उभा होतो मी, रुमाल कधी खिशात गेला ते कळलं नाही.

मग लिलाव. वाळूवरच ढीग मांडलेले, टोपल्या मांडलेल्या, भोवती माणसांचं कडं. एक जण भाव पुकारणार, बाकीचे मुके. कुणी भुवई उचलतं, कुणी एक बोट हलवतं, आन् भाव चढतो. ताई, मी तीस वर्षं हेच करत आलोय. आमच्याकडं सोयाबीनच्या ढिगाभोवती असंच कडं असतं. मुठीत दाणे घ्यायचे, एक दाताखाली धरायचा, टच्च वाजला तर वाळलाय, दबला तर ओला. तिथं एक कोळीण मावशी माशाचा कल्ला अंगठ्यानं उचलून आत बघत होती. लाल असला तर ताजा. चोळून बघायची, टाकून द्यायची, दुसरा उचलायची, चेहऱ्यावर काही नाही. ते 'काही नाही' मला ओळखीचं आहे. माल आवडला की आपण तोंड तसंच करतो.

मी गंमत म्हणून मनात भाव धरायला लागलो. कुठला मासा काय, मला नाव पण माहीत नव्हतं. नुसतं माणसांकडं बघायचं आन् अंदाज करायचा कुठं तुटंल. पहिला ढीग साफ चुकला. दुसरा चुकला. तिसऱ्याला पन्नास रुपयांचा फरक राहिला. लेक हसायला लागली, म्हणली पप्पा, ओठ हलायलेत तुमचे.

त्या मावशीशी नंतर बोललो. तिनं विचारलं कुठले, मी सांगितलं लातूर, आडत आहे. ती म्हणली, म्हणजे तुम्ही पण उचल देत असणार. मी म्हणलं कसली. तर तिनं सांगितलं, डिझेल, बर्फ, जाळं याला व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची आन् मग मासळी त्यालाच घालायची. भाव तोच करणार. 'सुटका नाही ओ,' म्हणली, आन् हसली. ताई, मी गप्पच बसलो. बी-खताला शेतकरी माझ्याकडनं उचल नेतो आन् माल माझ्याच दारात टाकतो. माझ्या वहीत अशी दीडशे नावं असतील. मी दुकानात गादीवर बसून ऐकतो तेव्हा ते 'व्यवहार' असतं. तिथं वाळूवर चवड्यावर बसून ऐकलं तेव्हा जरा वेगळं ऐकू आलं. त्याच्यावर जास्त लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला न सांगता एकटा परत गेलो लिलावाला. तेव्हापासून वर्षातनं दोनदा चक्कर होते. समुद्र आता मला आवडतो का? आवडतो म्हणा. पण सुरुवात पाण्यापासनं झाली नाही, माणसांपासनं झाली. आता संध्याकाळी वाळूवर बसतो मी, अर्धा-पाऊण तास. पाणी मागं जाताना वाळूवर बारीक खेकडे गोळ्या करून नक्षी काढतात, ती बघत. २०१६ ला हीच वाळू होती, मी तिच्यावर गाडी घातली होती.

तुमच्या कामाचं सांगतो. नाताळात हवा चांगली असते, मे महिन्याला हात लावू नका. जेवणाला घरगुती शाकाहारी खानावळी बक्कळ आहेत. आधी फोन करून 'स्वयंपाक वेगळा होतो का' हे विचारा, ते राग मानत नाहीत. तिखटाच्या नावानं बोंब, सगळ्यात खोबरं. ठेचा घरून न्या. तांदळाची भाकरी मिळंल, ज्वारीची मागू नका. उकडीचे मोदक मात्र सासूबाईंना द्या. सोलकढी पहिल्या घोटाला औषध वाटतं, तिसऱ्या दिवशी तुम्हीच मागाल. आन् परभणीहून गाडीनं एवढं हाणत जायची गरज नाही. नांदेड-पनवेल रेल्वे परभणी, लातूर करत जाते. पनवेलला उतरून कोकण रेल्वेनं खेड, तिथून दापोली तासाभराचा रस्ता, एसटी आहे. लेक तशीच ये-जा करते.

बदलीच्या रांगेत (मूळ बीड, मुक्काम दापोली तालुका)

आडतवाल्या काकांनी छान लिहिलंय. मी इथं जिल्हा परिषदेच्या शाळेत पंधरा वर्षं आहे. आमच्या बीड, लातूर, परभणी, नांदेडची कितीतरी पोरं या जिल्ह्यात गुरुजी म्हणून आलेली आहेत. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, आंतरजिल्हा बदली. तेव्हा मी काही इथं हौसेनं आलेलो नाही. ताईंच्या रांगेत मलाही उभं राहता येईल.

पहिल्या पावसाळ्यात मी रडलो होतो, हे आज लिहायला हरकत नाही. आमच्याकडं वर्षाला सातशे मिलिमीटर झाला तर पेढे वाटायचे. इथं तीन हजारांच्या वर पडतो. जूनमध्ये कपाटातल्या बुटाला बुरशी आली, जुलैत माझ्या बी.ए.च्या सर्टिफिकेटला. त्यामुळं सहलीला येऊन चार दिवसांत 'किती सुंदर' म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

पण काकांना राग आला होता ना पाणी बघून, त्यावर एक सांगतो. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनसुद्धा आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्यांवर मे महिन्यात टँकर येतो. हा इथला जांभा दगड भोकाभोकांचा, पाणी धरून ठेवत नाही. उतार तीव्र. पडलेला पाऊस बघता बघता खाडीत. माझ्या शाळेतल्या मुली एप्रिलपासून उशिरा यायला लागतात. कारण विचारलं तर उत्तर तेच, जे मी बीडला ऐकत होतो. हे कळलं त्या दिवसापासून मला इथली माणसं परकी वाटेनाशी झाली. समुद्र मला आवडायला लागला तो त्याच्याही नंतर, आणि तो सुद्धा फक्त ऑक्टोबर ते फेब्रुवारी.

आता काकांना भरतीनं धरलं ते का, ते सांगतो. इथले लोक घड्याळ बघत नाहीत, तिथी बघतात. कालनिर्णय घ्या, तिथीचा आकडा पाहा, त्याची पाऊणपट करा. तेवढे वाजता भरती पूर्ण. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पंचमीला पावणेचार. एकादशीला सव्वाआठ. थोडा इकडंतिकडं होतो, पण बेताचा हिशोब जमतो. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त वर चढतं, त्याला उधाण म्हणतात. लेकरांना पाण्यात सोडायचं तर ओहोटी लागताना नाही, पाय ओढले जातात. आणि गाडी वाळूवर कुठल्याच तिथीला नको. काकांना झापणारा तो ट्रॅक्टरवाला माझ्या माहितीतला असण्याची दाट शक्यता आहे. दर मे महिन्यात त्याचा धंदा चालतो.

हर्णैचा लिलाव बघायचा तर डिसेंबर उत्तमच. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा बंदरावर नुसत्या शाकारलेल्या होड्या. तिथूनच सुवर्णदुर्ग दिसतो, २०२५ ला युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले त्यातला एक. होडीनं नेतात, पण सासूबाईंच्या गुडघ्यांना होडीतून चढ-उतार झेपणार नाही, त्यांना किनाऱ्यावरूनच दाखवा. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती मात्र चुकवू नका, गाडी देवळाजवळ जाते आणि वरून समुद्र दिसतो. पाण्याजवळ जायचं नसलेल्यांसाठी तीच जागा बरी.

मुरूडमध्ये महर्षी कर्व्यांचं बालपण गेलं. परीक्षेला बसायला ते इथून साताऱ्याला चालत गेले होते, कुंभार्ली घाट चढून. आणि वयानं लहान दिसतो म्हणून त्यांना परत पाठवलं. बदलीच्या कागदासाठी खेपा घालताना मला त्यांची फार आठवण येते.

पूर्णा काठ, नांदेड

गुरुजी, तिथीची पाऊणपट हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर समुद्र बघितल्याशिवाय राहिलो नसतो. असला हिशोब मला आवडतो. येलदरीला असलं काही नाही, दरवाजे उघडले की पाणी, बंद केले की नाही.

जिंतूर रोड, परभणी

सगळ्यांना धन्यवाद. काका, तुमचं लिहिलेलं मी काल रात्री जेवणानंतर मोठ्यानं वाचून दाखवलं. आमच्या ह्यांना वाटायलंय ते जिंकले. पण त्यांनी दाखवलेल्या फोटोंनी काही झालं नव्हतं, तुमच्या बैलांनी झालं हे त्यांना मी सांगितलं आहे.

सासूबाई आधी माळ घेऊन बसल्या होत्या. रुमालाला फेस येत नाही तिथं हसल्या. बैलांपाशी आल्यावर माळ थांबली. म्हणाल्या, परत वाच. परत वाचलं. मग उठून झोपायला गेल्या. आज सकाळी चहाच्या वेळी म्हणाल्या, 'कधीचं निघायचं म्हणलास?' असं थेट ह्यांनाच विचारलं. आठ दिवसांत त्या दोघांचं झालेलं हे पहिलं बोलणं.

तिकिटं बघायलोत, वेटिंग दाखवतंय. न झाल्यास गाडीनंच येऊ, पण वाळूवर उतरवणार नाही.

मासळीच्या बाजारात त्यांना वासाचा त्रास होईल का, एवढी एकच धाकधूक आहे. आणि काका, तुमच्या घरच्या उतरल्या का नंतर कधी गाडीतून?

आडतीवरून, लातूर

मंडळी तीन खेपा गाडीतच बसल्या. चौथ्या खेपेला काच खाली केली. आता उतरतात, पण लांब उभ्या राहतात, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. तुम्ही पण तसंच करा. समुद्राकडनं वारं येत असलं तर ढिगांच्या मागं उभं राहायचं नाही, पाण्याच्या बाजूला जाऊन थांबायचं. वास आपल्या पाठीमागं जातो आन् बैल पण तिथनंच नीट दिसतात. सासूबाईंना घडीची खुर्ची न्या सोबत, वाळूवर बसलं की गुडघ्यांना उठायला त्रास होतो.

मी मासे अजून खाल्लेले नाहीत आन् खाणार पण नाही. पण परवा लेकीचा फोन आला तर अभ्यासाचं विचारायच्या आधी तोंडात आलं, 'आज कोळंबी काय भावानं गेली?' ती म्हणली पप्पा, परीक्षा चालू आहे माझी.

गुरुजी, त्या ट्रॅक्टरवाल्याला लातूरच्या पांढऱ्या बोलेरोवाल्याचा नमस्कार सांगा.

जिंतूर रोड, परभणी

एक राहिलंच. सासूबाईंनी मुद्दाम विचारायला सांगितलंय, त्यांना काल रात्री त्याच्यावरून झोप नाही. बैलांच्या अंगावर ते खारं पाणी तसंच वाळतं का? कातडी उलत नाही का त्यांची? खुरांचं काय?

आडतीवरून, लातूर

आईंना सांगा, मला पण हेच पडलं होतं, म्हणून मी थांबून बघितलं. काम संपल्यावर गाडी सोडली आन् एका म्हाताऱ्यानं दोघांना वर हातपंपाशी नेलं. नातू हापसत होता, म्हातारा बादलीनं ओतत होता. आधी पाठ, मग पोट, मग एकेक पाय उचलून खूर. नारळाच्या किशीनं घासत होता. शेवटी दोन्ही हातांनी डोळे पुसले बैलांचे, आपण लेकराचे पुसतो तसे. आमच्या पोळ्याला एवढं होत नाही. आईंना म्हणावं, चार वाजता लिलाव बघा न् अंधार पडेपर्यंत थांबा, हातपंप बंदराच्या रस्त्याला डाव्या हाताला आहे.